दान, स्वावलंबन आणि जोड कुटुंब

मंदीचे दिवस आले म्हणजे समाजांत दोन उपदेश एकदम ऐकूं येऊं लागतात. एक म्हणतो, ज्याचें त्यानें पाहावें. दुसऱ्याच्या अन्नावर जगण्याची सवय लागली कीं मनुष्य कायमचा पंगु होतो. दुसरा म्हणतो, ज्याच्या घरीं दोन भाकरी आहेत त्यानें एक द्यावी. उपाशी माणसाला पुरुषार्थाच्या गोष्टी सांगूं नयेत. दोन्ही उपदेश प्रामाणिक असूं शकतात, आणि ते करणारे बहुधा दोघेहि पोटभर जेवलेले असतात. ऑक्टोबर १९२९ मध्यें न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळल्यानंतर अमेरिकेंत हा वाद दहा वर्षें चालला. अध्यक्ष हूवर यांचा भर स्वावलंबनावर व ऐच्छिक दानधर्मावर होता. सरकारी मदतीनें राष्ट्राचा स्वभाव बिघडेल अशी त्यांस भीति वाटे. त्यांच्या जागीं आलेल्या रूझवेल्ट यांनीं सरकारी तिजोरी उघडली खरी. परंतु जानेवारी १९३५ मध्यें काँग्रेसपुढें बोलतांना त्यांनींहि फुकटच्या मदतीला गुंगीच्या औषधाची उपमा दिली, आणि मदतीच्या जागीं काम द्यावें असें प्रतिपादन केलें. १९३३ मध्यें त्या देशांतील कामकरी माणसांपैकीं सुमारें एक चतुर्थांश बेकार होतीं, हें लक्षांत घेतलें म्हणजे ह्या वादाला किती धार आली असेल याची कल्पना येईल.

ह्या सर्व वादांत एक गोष्ट मात्र फारशी कोणीं विचारांत घेतली नाहीं. हात पसरणाऱ्या माणसाच्या मनांत त्या क्षणीं काय होतें, आणि तीच वस्तु दुसऱ्या कोणीं दुसऱ्या रीतीनें दिली असतां त्याला ती कां बोचत नाहीं, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या वहींत मांडतां येत नाहीं. तो मांडण्याचें काम जॉन स्टाइनबेक यांनीं 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' ह्या कादंबरींत केलें. ही कादंबरी एप्रिल १९३९ मध्यें प्रसिद्ध झाली. तिला १९४० चें पुलिट्झर पारितोषिक मिळालें, आणि त्याच वर्षीं जॉन फोर्ड यांनीं तयार केलेला तिच्यावरील चित्रपट लोकांपुढें आला. लेखकाला पुढें १९६२ मध्यें नोबेल पारितोषिकाचा मान लाभला. ज्या कॅलिफोर्नियांतील हकीकत तींत आहे, तेथल्या कर्न परगण्याच्या कारभाऱ्यांनीं मात्र ऑगस्ट १९३९ मध्यें आपल्या शाळांतून व ग्रंथालयांतून तिला हद्दपार केलें. शेतकऱ्यांच्या हालांचें व भांडवलशाहीच्या क्रौर्याचें चित्र म्हणून तिची कीर्ति आहे, आणि ती यथार्थ आहे. तथापि आमच्या मतें तिचें टिकाऊ सामर्थ्य आणखी एका गोष्टींत आहे. माणसाची लाज न घालवितां त्याला मदत कशी करतां येते, आणि मदत करतांना त्याची लाज कशी घालवितां येते, ह्याचें इतकें सूक्ष्म निरीक्षण दुसऱ्या कादंबरींत क्वचितच सांपडेल.

कथानक साधें आहे. ओक्लाहोमा संस्थानांत सॅलिसॉ गांवाजवळ कुळानें जमीन कसणारें जोड कुटुंब राहतें. पिकें बुडतात, कर्ज वाढतें, जमीन बँकेकडे जाते आणि एके दिवशीं ट्रॅक्टर येऊन घराची भिंत पाडून जातो. घोडे, गाडी, अवजारें हें सर्व अवघ्या १८ डॉलरना विकून, जुनी हडसन मोटार कापून केलेल्या ट्रकवर हें बारा माणसांचें कुटुंब ६६ नंबरच्या रस्त्यानें कॅलिफोर्नियाकडे निघतें. बरोबर केसी नांवाचा, उपदेशाचा धंदा सोडलेला एक उपदेशक असतो. फळें तोडण्याचें भरपूर काम आहे, असें सांगणारीं पत्रकें त्यांच्या हातीं पडलेलीं असतात. तेथें गेल्यावर कळतें कीं हव्या असलेल्या माणसांच्या कितीतरी पट पत्रकें मुद्दाम वाटलेलीं आहेत; कारण दारांत गर्दी झाली म्हणजे मजुरी पाडतां येते.

कादंबरीच्या तीस प्रकरणांपैकीं पहिल्याच प्रकरणांत भीतीचें एक चित्र आहे. धुळीनें मका मरतो. पुरुष कुंपणाशीं येऊन मुकाट्यानें तें पाहत राहतात. बायका पिकाकडे पाहत नाहींत. त्या चोरून नवऱ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहतात, आणि मुलें त्या दोघांकडे पाहतात. पीक गेलें तर जाऊं दे, माणूस आंतून मोडतो कीं काय एवढेंच त्यांना पाहावयाचें असतें. पुरुषांच्या चेहऱ्यांवरचा गोंधळ जाऊन राग आला, तेव्हां कोठें बायकांचा जीव खालीं पडतो. शेवटाजवळ, पुरानें सर्व नेल्यावर, हेंच चित्र पुन्हां येतें. भीतीचा राग होऊं शकतो तोंवर मनुष्य मोडत नाहीं, असा लेखकाचा सिद्धांत आहे. ग्रंथाचें नांवहि रागावरूनच ठेवलेलें आहे. परंतु ग्रंथ नीट वाचणाराला असें दिसून येईल कीं भीतीला दिलेलें दुसरें एक उत्तर त्यांत आहे, आणि लेखकाचीं उत्तम पानें त्या उत्तराला मिळालेलीं आहेत. तें उत्तर देणारी व्यक्ति म्हणजे टॉम जोडची आई. तिचें नांवहि लेखकानें आपणांस सांगितलेलें नाहीं. सगळे तिला आई म्हणतात, आणि आम्हीहि तसेंच म्हणूं.

निघण्यापूर्वींचा प्रसंग पाहावा. ट्रकवर आधींच जागा नाहीं, पैसे जेमतेम आहेत, आणि केसीला बरोबर न्यावें कीं नाहीं असा प्रश्न उभा राहतो. बाप हिशेब करूं लागतो: आणखी एक तोंड आपणांस परवडेल काय? आई त्याला सांगते कीं परवडण्याचा प्रश्न विचारूं नये, कारण परवडायचें म्हटलें तर कांहींच परवडत नाहीं, कॅलिफोर्नियाला जाणेंसुद्धां नाहीं; आपली इच्छा आहे कीं नाहीं एवढेंच विचारावें. जोडांच्या दारीं आलेल्या वाटसरूला कधीं विन्मुख पाठविल्याचें तिला ठाऊक नाहीं. हें बोलणें भाबडेपणाचें वाटेल. तें तसें नाहीं. जमीन गेली, घर गेलें, जनावरें गेलीं. आतां जोड म्हणून जें कांहीं शिल्लक आहे तें ह्या रीतींतच आहे, हें ती बापापेक्षां अधिक चांगलें जाणते. जो दुसऱ्याला कांहीं देऊं शकतो तो अजून स्वतःच्या पायावर उभा आहे. स्वावलंबनाचें हें माप तिचें आहे, आणि पुढें सबंध कादंबरीभर लेखक तें निरनिराळ्या प्रसंगांना लावून पाहतो.

पहिल्याच मुक्कामीं तें लागतें. आजोबा विल्सन नांवाच्या परक्या जोडप्याच्या तंबूंत प्राण सोडतात; त्यांच्याच गोधडींत गुंडाळून त्यांना पुरतात. आई उपकाराची भाषा बोलूं लागते, तेव्हां विल्सनची आजारी बायको तिला थांबविते. मरणाच्या वेळीं कोणी कोणाचा ऋणी नसतो, असें तिचें म्हणणें पडतें. इकडे टॉम आणि अल हे भाऊ विल्सनांची मोडलेली मोटार दुरुस्त करण्याचें पत्करतात, आणि दोन्ही कुटुंबें बरोबर प्रवास करूं लागतात. येथें देणारा कोण व घेणारा कोण हें सांगतां येत नाहीं, आणि म्हणूनच कोणाची मान खालीं जात नाहीं.

देवाणघेवाण इतकी सरळ नसेल तेथें लेखक आणखी सूक्ष्मांत शिरतो. रस्त्याकडेच्या एका खानावळींत एक कफल्लक मनुष्य दहा सेंटांची पाव मागतो; पाव पंधरा सेंटांची आहे. तो सवलत मागत नाहीं. दहा सेंटांपुरती कापून द्या म्हणतो. मे नांवाची वाढणारी बाई कुरकुरते, आंतून स्वयंपाकी ओरडतो कीं देऊन टाक. मग त्याचीं दोन मुलें कांचेआडच्या गोळ्यांकडे पाहतात. भाव विचारल्यावर मे सांगते, एका सेंटाला दोन. खरें म्हणजे त्यांची किंमत एकेकीस पांच सेंट असते. मनुष्य पैसे देतो, गोळ्या घेतो आणि गिऱ्हाईक म्हणून बाहेर पडतो. मे खोटें बोलली, पण त्या खोट्यानें त्या बापाचें आपल्या मुलांसमोरचें स्थान राखलें. तेथें बसलेले ट्रकवाले हें सर्व पाहतात आणि जातांना बक्षीस म्हणून मोठीं नाणीं ठेवून जातात. लेखकानें येथें एकहि शब्द उपदेशाचा घातला नाहीं, याबद्दल त्याचे आभार मानले पाहिजेत, कारण इतरत्र तो तो मोह नेहमीं आंवरतो असें नाहीं.

दानाला मर्यादा आहे, हेंहि ग्रंथ लपवीत नाहीं. बेकर्सफील्डजवळच्या बेवारशी वस्तींत आई कालवण शिजवीत असते. वासानें आसपासचीं उपाशी मुलें भोंवतीं गोळा होतात आणि नुसतीं उभीं राहतात. घरच्या माणसांनाच पुरेल इतकें तें नाहीं. आई आपल्या माणसांना ताटें घेऊन तंबूंत पाठविते, भांड्याच्या तळाशीं थोडें ठेवून तें मुलांपुढें करते, आणि आपण बरें केलें कीं वाईट हें तिला कळत नाहीं. थोड्या वेळानें एक बाई भांडत येते: तिचा मुलगा घरीं येऊन विचारतो आहे, आपल्याकडे कालवण कां नाहीं? सबंध ग्रंथांत ह्याहून प्रामाणिक प्रसंग नाहीं. अपुरें दान हें कधीं कधीं घेणाराच्या शेजाऱ्यावर केलेला प्रहार ठरतें. आणि तरीहि तळाशीं कांहीं ठेवल्यावांचून त्या मुलांसमोर जेवतां येत नाहीं. लेखक ही अडचण सोडवीत नाहीं, कारण ती एका कुटुंबाच्या चुलीशीं सुटणारी नाहीं.

म्हणूनच ह्यानंतर वीडपॅच येथील सरकारी छावणीचें प्रकरण येतें. आठवड्याला एक डॉलर भाडें. नसेल त्यानें कचरा वाहून किंवा झाडलोट करून तें फेडावें. कारभार रहिवाशांनीं निवडलेली समिति पाहते. वॉरंटाशिवाय पोलिसांना आंत येतां येत नाहीं. छावणींत एका बाईच्या घरीं अन्न नाहीं, पण ती सांगायला लाजते. स्त्रियांच्या समितीच्या बायका तिला बजावतात कीं छावणीच्या दुकानांत उधारी आहे, ती काम मिळाल्यावर फेडावयाची. हें दान नाहीं. ह्याच वेळीं एक दुसरी बाई पूर्वींच्या हिंवाळ्याची आठवण सांगते. एका मोठ्या धार्मिक संस्थेनें तिच्या घरच्यांना जेवूं घातलें होतें, परंतु त्यासाठीं त्यांना असें लाचार व्हावें लागलें कीं नवरा हरलेला तिनें तेव्हां प्रथम पाहिला. अन्न पोटांत गेलें आणि तिरस्कार मनांत राहिला.

आपल्याकडे वार लावून शिकलेल्या पिढ्यांना ही गोष्ट समजावून सांगावयास नको. साती घरचें अन्न सारखेंच पोट भरी. परंतु एका घरीं पान घरच्या मुलांच्या पंक्तींत मांडलेलें असे आणि दुसऱ्या घरीं निराळें, दाराशीं. पुढें कर्तेपणीं माणसांना त्या घरची भाजी आठवत नसे. पान कोठें मांडलें होतें तें आठवे.

मात्र छावणीचें हें चित्र रंगवितांना लेखकाला एका कटु सत्याची कबुली द्यावी लागते. तेथें मान आहे, स्वच्छता आहे, शनिवारीं नाच आहे, काम नाहीं. सुमारें महिन्याभरानें पीठ व चरबी संपत येते आणि कुटुंबाला ती जागा सोडून जावें लागतें. प्रतिष्ठा राखणारी व्यवस्था आवश्यक आहे, पण तेवढ्यानें चूल पेटत नाहीं. पुढें पीचच्या बागेंत पेटीला पांच सेंट दरानें सर्व कुटुंब राबतें, आणि मालकाच्याच महागड्या दुकानांत ती मजुरी परत जाते. तेथला गुमास्ता आरंभीं आईची थट्टा करतो; ती त्याला शांतपणें विचारीत जाते, तसतसा तो मालकाच्या भीतीनें बांधलेला एक गरीब माणूसच आहे हें उघडें होतें. साखरेला दहा सेंट कमी पडतात. उधार देण्याची त्याला परवानगी नाहीं. शेवटीं तो स्वतःच्या खिशांतले दहा सेंट गल्ल्यांत टाकतो. गरज पडली तर गरिबाकडेच जावें, हा धडा आई तेथून घेऊन निघते.

मालकवर्गाच्या स्वावलंबनाचें काय? येथेंहि लेखकाची दृष्टि तीक्ष्ण आहे. थॉमस नांवाचा छोटा शेतकरी तासाला तीस सेंट देत असतो. ज्या बँकेच्या कर्जावर त्याची शेती चालते तिचें व शेतकरीसंघाचें दडपण आल्यामुळें त्याला पंचवीसवर यावें लागतें. मजुरांना हें सांगतांना तोच अधिक लाजतो, आणि छावणींत दंगा घडवून आणण्याचा बेतहि तोच त्यांच्या कानावर घालतो. स्वतःची जमीन असलेला हा मनुष्य आपल्या मजुराला पांच सेंट अधिक देण्यास स्वतंत्र नाहीं. आईच्या मापानें मोजलें तर जोडांपेक्षां थॉमसच अधिक परावलंबी ठरतो.

अमेरिकन स्वावलंबनाचा धर्मग्रंथ म्हणजे इमर्सनचा १८४१ मधील त्याच नांवाचा निबंध. इमर्सन त्यांत विचारतो कीं हे गरीब माझे आहेत काय, आणि कधीं कधीं आपणहि संकोचानें डॉलर देतों याची त्याला लाज वाटते. गंमत अशी कीं केसीचें तत्त्वज्ञान इमर्सनच्याच घरचें आहे. सर्व माणसांचा मिळून एकच मोठा आत्मा आहे आणि प्रत्येकाजवळ त्याचा तुकडा आहे, असें तो म्हणतो. इमर्सननें गीता वाचली होती. अद्वैताच्या भाषेंत वाढलेल्या मराठी वाचकाला हा विचार परका वाटणार नाहीं. परंतु विश्वात्मा माझ्यांत आहे म्हणून मला कोणाची गरज नाहीं, असें एक जण म्हणतो. तो सर्वांत आहे म्हणून माझें एकट्याचें असें कांहीं नाहीं, असें दुसरा. एकाच सिद्धांतांतून निघालेल्या ह्या दोन वाटांपैकीं दुसरी वाट केसीला तुरुंगांत, संपांत आणि अखेर मृत्यूकडे घेऊन जाते. आई तत्त्वज्ञान बोलत नाहीं. पूर्वीं आपलें कुटुंब आधीं असे, आतां कोणीहि असो, ज्याची गरज मोठी तो आधीं, एवढेंच ती शेवटाजवळ एका शेजारणीला सांगते.

ह्यावरूनच त्या बहुचर्चित शेवटाकडे पाहावें. पूर आला आहे. मुलगी रोझ ऑफ शॅरन हिला मेलेलें मूल झालें आहे. कोरडी जागा शोधीत सर्व जण एका कोठारांत येतात, तेथें उपासानें मरणोन्मुख झालेला एक अनोळखी मनुष्य व त्याचा मुलगा आहे. रोझ ऑफ शॅरन आपलें दूध त्या माणसाला पाजते. हा मनुष्य इतका परका न ठेवतां आधीं कोठें तरी कथेंत आणावा, असें संपादक पास्कल कोव्हिसी यांनीं सुचविलें होतें. तो परकाच असला पाहिजे, आणि ह्या कृतींत भाकरीचा तुकडा देण्याहून अधिक भावुकता नाहीं, अशा आशयाचें उत्तर स्टाइनबेक यांनीं जानेवारी १९३९ मध्यें पाठविलें. कित्येक टीकाकारांना हा शेवट भडक वाटला. आम्हांस वाटतें, त्यांच्या नजरेंतून एक लहान गोष्ट सुटली असावी. कोठारांत शिरल्यावर भिजून कांपणाऱ्या त्या मुलीसाठीं पहिली वस्तु पुढें करतो तो त्या उपाशी माणसाचा मुलगा; कोपऱ्यांतली एक मळकी गोधडी तो आणून देतो. म्हणजे जोडांनीं देण्यापूर्वीं घेतलेलें आहे. ज्यांच्याजवळ फक्त गोधडी आहे ते गोधडी देतात, आणि जिच्याजवळ फक्त दूध उरलें आहे ती दूध देते. त्या माणसाचा उपासहि आपल्या वांट्याचें मुलाला दिल्यामुळें घडलेला आहे.

ग्रंथाचे दोष सांगितलेच पाहिजेत. मधल्या सामान्य प्रकरणांत लेखक पुष्कळदां प्रवचनकार होतो. संत्रीं सडवून त्यांवर रॉकेल ओतल्याचें प्रकरण वाचकाला हादरवितें. परंतु बँकेला राक्षस म्हणण्याची कल्पना लौकरच ताणली जाते. मोठे मालक माणसें म्हणून कोठेंच भेटत नाहींत. दानसंस्थांची बाजू एका दुखावलेल्या बाईच्या तोंडून काय ती येते. इतिहासाच्या दृष्टीनें पाहतां, धुळीच्या वादळांचा खरा तडाखा ओक्लाहोमाच्या पश्चिम टोंकाला व त्याच्या आसपासच्या प्रदेशाला बसला. सॅलिसॉ पूर्वेकडे आहे, आणि तिकडच्या कुळांना उठविण्यांत कापसाच्या पडलेल्या किंमती व ट्रॅक्टर यांचा वांटा मोठा होता. सर्वांत गंभीर उणीव ही कीं, कॅलिफोर्नियाचीं पिकें वर्षानुवर्षें काढणारे मेक्सिकन व फिलिपिनो मजूर ह्या कथेंत जवळजवळ नाहींत. त्याच दशकांत हजारों मेक्सिकन कुटुंबांना, अमेरिकेंत जन्मलेल्या त्यांच्या मुलांसह, सरहद्दीपार पाठविण्यांत आलें. आईचें 'कोणीहि असो' त्यांच्यापर्यंत पोंचलें असतें काय, ह्याची परीक्षा लेखकानें घेतली नाहीं.

असें असूनहि ह्या कादंबरीचा मुख्य विचार डळमळत नाहीं. फेब्रुवारी १९३६ मध्यें लॉस एंजेलिसच्या पोलिसांनीं संस्थानाच्या सरहद्दीवर पहारे बसवून निर्धन प्रवाशांना परत फिरविलें. निर्धन माणसाला संस्थानांत आणणें हा गुन्हा ठरविणारा कॅलिफोर्नियाचा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें रद्द केला तो १९४१ मध्यें. भरल्या घरांची भीति असें करूं शकते. रिकाम्या घरांची भीति काय करील हें ठरलेलें नसतें. पुन्हां मंदीची चाहूल लागते तेव्हां प्रत्येक संसारी मनुष्य आपल्या कणगीकडे पाहतो, आणि त्यांत गैर कांहीं नाहीं. पोराबाळांची तरतूद न करतां उदारपणा करणें हा धर्म नव्हे. परंतु कणगी राखण्यासाठीं दार लावून घेतलें म्हणजे आपण स्वावलंबी झालों, असें ज्याला वाटतें त्यानें जोडांच्या आईचा हा हिशेब एकदां तपासून पाहावा. आणि ज्याला दान करावयाचें आहे त्यानें त्या खानावळींतल्या मेजवळ थोडा वेळ बसावें. वस्तूची खरी किंमत न सांगण्याचें कसब तिच्याकडून शिकण्यासारखें आहे.